इरोडच्या आक्कांना

आक्का, आपलं भांडण अर्ध्यावर राहिलं. तुम्ही म्हणायचात, इरोड हेच आपलं घर. मी म्हणायचे, हे घर एक दिवस आपल्यातल्या कुणाला तरी खाईल. तुम्ही हसायचात. "शालन, तुझ्या जिभंला काय हाड?" म्हणायचात आणि बोलता बोलता माझ्या केसांत मोगरा खोवायचात. आता तुमचं तेरावं होऊन गेलंय. समोर भांडायला कुणी नाही, म्हणून कागदावर बोलते आहे.

आपण दोघी जावा. तुम्ही उंब्रजच्या, मी आष्ट्याची. दोघींना दिलं ते विट्याच्या पलीकडच्या कोरड्या गावात, जिथल्या घराघरातले पुरुष गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेले. सोनारांकडची मोड, कातरण, झाडलेली धूळ आणायची, मुशीत वितळवायची, तेजाबात म्हणजे ॲसिडात उकळायची आणि त्यातलं चोख सोनं वेगळं काढून द्यायचं, असा तो धंदा. दादा, म्हणजे तुमचे मालक आणि माझे थोरले दीर, लांब तमिळ मुलखात इरोडला दुकान थाटून बसले होते. माझं लग्न झालं आणि वर्षाच्या आतच आमच्या ह्यांनाही तिकडून बोलावणं आलं. नव्वदनंतरची सुरुवातीची वर्षं ती. मिरजेच्या स्टेशनावर आई पदर तोंडाला लावून रडत होती आणि मी स्वतःची समजूत घालत होते, चार वर्षं काढायची, की परत.

इरोडला उतरलो तर स्टेशनावर मी तुम्हाला ओळखलंच नाही. लग्नात पाहिलेल्या जाऊबाई म्हणजे डोळ्यांपर्यंत ओढलेला पदर आणि त्याखालून येणारं "व्हय जी". आणि ही बाई उघड्या डोक्यानं, वेणीत हातभर फुलं माळून हमालाशी तमिळमध्ये हुज्जत घालत होती. हमाल हरला. तुम्ही माझ्या हातातली पिशवी घेतलीत आणि म्हणालात, "चल. दमलीस?" एवढंच. त्या मुलखात माझ्याशी पहिल्यांदा मराठी बोललेले ते शब्द.

रिक्षा पेठेतून निघाली तेव्हा तुम्ही मला म्हणालात, "वास घे बघू."

हळदीचा वास होता. पोत्यांच्या थप्प्याच्या थप्प्या.

"हितं बी हळदीची पेठ हाय, आपल्या सांगलीवानी," तुम्ही म्हणालात. "मी आले तवा आठ-पंधरा दीस निस्ती रडत हुते. मग एकदा हिकडं आले आन् ह्यो वास आला. म्हनलं, अगं बया, सांगलीच की ही! तवापासनं रडले न्हाई."

रिक्षा आपल्या गल्लीत वळली आणि मला दुसराच वास आला. उग्र, घशात खवखवणारा. मी पदर नाकाला लावला. "ह्यो कसला?"

"त्यो आपल्या घरचा," तुम्ही म्हणालात.

घर म्हणजे पुढं दुकान, मधे राहायच्या दोन खोल्या आणि मागं भट्टी. मागच्या खिडकीचे गज गंजून गंजून करंगळीएवढे झाले होते. परसात शेवग्याचं झाड होतं. पलीकडच्या अंगाला शेंगा लटकलेल्या आणि खिडकीकडच्या फांद्या मात्र वाळून कोळ झालेल्या. दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या लग्नातल्या लुगड्याला महिन्याभरात भोकं पडली, कसर लागल्यासारखी. मी रडले तर तुम्ही म्हणालात, "मागच्या बाजूला का घातलंस? फुडं घालायचं. दमानं कळंल तुला सगळं." जणू ते घर म्हणजे एखादी तापट सासू, आणि तिच्या कलानं घेतलं की झालं.

घरमालकीण पोन्नम्मा शेजारीच राहायची. पहिल्याच आठवड्यात तिनं मला बोलावून भट्टीकडे बोट दाखवलं आणि खूप वेळ काहीतरी सांगितलं. मला एक शब्द कळला नाही, पण सांगताना ती स्वतःच्या छातीवर पुन्हा पुन्हा हात ठेवत होती. संध्याकाळी मी तुम्हाला विचारलं.

"काय न्हाई. आदीचा भाडेकरू आपल्याकडचाच हुता, सातारकडचा. त्यो लय खोकायचा म्हनं."

"मग?"

"मग गावाला गेला."

"आनि फुडं?"

तुम्ही चुलीवरचा भात खाली उतरवलात. "वाढून घे," म्हणालात.

आक्का, तुम्ही त्या गावात कशा रुजलात, ते मी रोज बघत होते. पहाटे उठून उंबऱ्यासमोर तांदळाच्या पिठाचं कोलम काढायचात. आपल्याकडची रांगोळी त्यात हळूच घुसवायचात, गोपद्मं काढायचात, आणि गल्लीतल्या बायका वाकून बघायच्या. तिकडं थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. तुम्ही गावाकडून आणलेलं नाव तिथं जसंच्या तसं चाललं. भाजीवाली अक्का म्हणायची, बसचा कंडक्टर अक्का म्हणायचा, पोन्नम्मा तर तुमच्याहून थोरली, तीही अक्काच म्हणायची. "बघ," तुम्ही मला म्हणायचात, "सासरी कुनी नाव घिऊन हाक मारली का कवा? थोरलीला सांगा, थोरलीला बलवा. हितं रस्त्यानं चालले तर चार ठिकानाहून हाका येत्यात."

आणि मी? मी तमिळ शिकणार नाही असं ठरवून बसले होते. शिकले तर इथलीच होईन अशी भीती वाटायची. इल्लै, म्हणजे नाही, एवढा एक शब्द मी सगळीकडे चालवायचे. पण कानांना कुठं दारं असतात? तुम्ही ओट्यावर बसून बायकांशी बोलायचात, मी आत तांदूळ निवडत ऐकायचे, आणि न शिकताच मला सगळं कळायला लागलं. हे मी तुम्हाला शेवटपर्यंत सांगितलं नाही. तुम्ही आणि पोन्नम्मा माझ्या फुगलेल्या तोंडावरून हसायचात, तेसुद्धा कळत होतं मला.

बाळंतपणाला मी आष्ट्याला जायचं ठरलं होतं. तिकीट काढायला हे स्टेशनावर गेले आणि इकडं माझ्या कळा सुरू झाल्या, अवेळी. तुम्ही मला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलंत. जागा नाही म्हणणाऱ्या नर्सला तुम्ही तमिळमध्ये असं काही सुनावलंत, की तिनं स्वतःची खुर्ची दिली. विजू झाला, तेव्हा तो निळा पडला होता. तो रडेपर्यंत तुम्ही माझा हात सोडला नाहीत, आणि तो रडल्यावर तुम्ही भिंतीकडे तोंड करून रडलात. पुढं सव्वा महिना मला बाजेवरून उठू दिलं नाहीत. आईनं केलं नसतं एवढं केलंत. इथं हे लिहिताना माझ्या हाताला तुमच्या बोटांची पकड जाणवते आहे.

बोटांवरून आठवलं. दादांच्या हातावर तेजाब सांडलं ते त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतर. उजवा हात मनगटापासून भाजला. सोनार थांबायला तयार नव्हते, आमचे हे गावोगावची मोड गोळा करायला बाहेर. मग भट्टीवर तुम्ही बसलात. हात बरा होईपर्यंत म्हणून बसलात आणि मग उठलाच नाहीत. दादांना दुकानात बसून गिऱ्हाईक सांभाळणं जमून गेलं, आणि तुम्हाला मागची भट्टी. तेजाब ओतलं की नारिंगी धूर उठायचा आणि तुम्ही ओला पदर तोंडाला बांधून त्यात उभ्या. तुमची बोटं पिवळी झाली. हळद लागली तर धुतल्यावर जाते. हा पिवळा रंग जात नव्हता.

"गावात कुनाला सांगू नगंस," तुम्ही मला बजावलंत. "बाईला भट्टीवर बशिवली म्हनून ह्यांची नाचक्की हुईल."

"तुमाला तरी कशाला पायजे ती भट्टी?"

"शालन, मूस थंड झाल्यावर तळाला त्यो पिवळा कण चमकतो न्हवं, त्यो बगितला की लय बरं वाटतं गं. मी काडला, असं वाटतं."



मधे एका उन्हाळ्यात दादांनी गावात बांधलेल्या बंगल्याची वास्तुशांत होती. आपल्या गावात असे बंगले पुष्कळ. गलाईवाल्यांचे दुमजली, रंगीत, बारा महिने कुलूप लावलेले. मिरज जवळ आली तशी तुम्ही वेणीतली फुलं काढून खिडकीतून टाकलीत आणि पदर डोक्यावर घेतलात. तेवढ्यानं तुमचा चेहराच बदलला. गावात बायका तुम्हाला 'इरोडची' म्हणत होत्या, तोंडावर गोड आणि पाठीमागं हसत. "भात खाऊन खाऊन काळी पडली बगा," कुणीतरी म्हणालं. तुम्ही नव्या स्वयंपाकघरात पंगतीचं रांधत होतात आणि खोकत होतात. सासूबाई म्हणाल्या, "धुरळ्यानं आसंल. हिकडची हवा सोसंना झाली व्हय तुला?" तुम्ही नुसतं "व्हय जी" म्हणालात. परतीच्या गाडीत बसल्यावर गाडी हलायच्या आधीच तुम्ही पदर खांद्यावर टाकलात. पण खोकला आपल्याबरोबरच गाडीत चढला होता.

त्यानंतर आपलं भांडण सुरू झालं. मी रोज म्हणायचे, गावाकडं चला, सांगलीला दाखवू, मोठमोठे डॉक्टर आहेत तिथं. तुम्ही म्हणायचात, बघू. गच्चीचा जिना चढताना तुम्ही मधेच थांबायला लागलात. मग कोलम काढताना मधेच बसायला लागलात. एका सकाळी कोलम अर्धंच राहिलं आणि पोन्नम्मानं ते पुरं केलं. त्या दिवशी भाजीवालीनं तुम्हाला हाक मारली ती दबक्या आवाजात.

त्या संध्याकाळी ओट्यावर आपण कडाडून भांडलो.

"ह्या घरानं तुमची छाती खाल्ली आक्का! झाड बगा, गज बगा. लोखंड टिकंना हितं, मानूस काय टिकनार?"

"आन् गावात काय हाय?"

"आपली मानसं हायत!"

"हुती तवा मी त्यांची कोन हुते?" तुम्हाला धाप लागली होती. "विहिरीवरनं पानी वडायला एक बाय, एवढीच. शालन, तू हितं पावनी म्हनून ऱ्हातीयास, म्हनून तुला निस्ता धूर दिसतो. मला हितं समदं दिसतं."

"आनि मंगल? तिचा इचार करा."

तुमची लेक मंगल त्या वेळी आत तमिळ पुस्तकातला धडा मोठ्यानं वाचत होती. तुम्ही कान देऊन तो आवाज ऐकलात आणि म्हणालात, "तिकीट काडायला सांग."

निघताना सगळी गल्ली दारात आली होती. तिकडंही आपल्यासारखंच आहे, घराबाहेर पडताना 'जाते' म्हणत नाहीत, 'जाऊन येते' म्हणतात. तुम्ही हे मला किती वेळा कौतुकानं सांगितलं होतंत! त्या दिवशी पोन्नम्मानं हात धरल्यावर तुम्ही नुसतं "पोरेन" म्हणालात. जाते. पोन्नम्मानं तुमच्या तोंडावर हात ठेवला. नीट म्हण, जाऊन येते म्हण, ती पुन्हा पुन्हा सांगत होती. तुम्ही हसलात आणि रिक्षात बसलात. म्हणाला नाहीत. का म्हणाला नाहीत, आक्का? धाप लागली होती म्हणून? मी स्वतःला तेच सांगते आहे.

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला. धंदा काय, विचारलं. दादांनी सांगितलं.

"भट्टीवर कोण बसतं?"

"मी," दादा म्हणाले.

डॉक्टरांनी दादांकडे बघितलं, मग पलंगावरच्या तुमच्या बोटांकडे. "मग ह्यांची फुप्फुसं अशी का झाली?"

सासूबाई तिथं होत्या, उंब्रजहून आलेला तुमचा भाऊ होता. दादा खाली बघत राहिले. मग तुम्हीच, श्वास गोळा करत करत, सगळ्यांसमोर म्हणालात, "मी बसते." दादांची नाचक्की झाली की नाही मला माहीत नाही. पण तुमचा आवाज असा होता, की भावानं डोळे पुसले.

पुढचे दिवस तुम्ही उतरतच गेलात. नाकाला नळी, खिडकीबाहेर लिंबाचं झाड. ताप चढला की तुमची मराठी सुटायची. नर्स मराठी, सासूबाई मराठी, चहावाला मराठी, आणि तुम्ही तमिळमध्ये बोलत होतात. लोक म्हणायला लागले, बाई भ्रमली. भ्रमल्या कुठं होतात? तुम्ही पाणी मागत होतात, खिडकी उघडायला सांगत होतात, आणि उद्याच्या कोलमसाठी पीठ आहे का, विचारत होतात. आष्ट्यापासून सहा-सात कोसांवरच्या त्या दवाखान्यात, दादा आणि मंगल जवळ नसताना, तुमचं बोलणं कळणारी मी एकटी. त्या दिवशी मी पहिल्यांदा तुम्हाला तमिळमध्ये उत्तर दिलं. पीठ आहे, म्हटलं. तुमचे डोळे उघडले. इतकं नवल मी त्या डोळ्यांत कधी पाहिलं नव्हतं. तुम्ही माझा हात ओढलात आणि म्हणालात, "वीट्टुक्कु पोलाम."

"काय म्हंती ती?" सासूबाईंनी विचारलं.

"घरला जाऊया म्हनत्यात."

"अगं, घरलाच आलीयास की," सासूबाई तुमच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाल्या. म्हातारीचं चुकलं नव्हतं. तिच्या डोळ्यांतही पाणी होतं. पण तुम्ही मान हलवलीत, नाही नाही अशी, आणि माझ्याकडे बघत राहिलात. मी 'जाऊया' म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, मंगल शेजारी बसलेली असताना, तुम्ही गेलात.

तुम्हाला बंगल्याच्या पडवीत ठेवलं. त्या घरात तुम्ही वास्तुशांतीचं रांधलं होतंत. राहिल्या मात्र एकही दिवस नव्हतात. बायका रडल्या, रीत म्हणून आणि खरंही. मी तुमच्या वेणीत मोगरा माळला. कुणीतरी कुजबुजलं, एवढी फुलं कशाला? मी आणखी माळली.

मग प्रश्न आला मंगलचा. सासूबाई म्हणाल्या, पोरीला इथंच ठेवा. मंगल म्हणाली, "माझी शाळा तिकडं हाय." मला वाटलं होतं, आता मी आष्ट्याला जाईन, माझं इरोडचं संपलं. पण त्या पोरीला एकटीला त्या घरात कशी पाठवू? दादा, हे, मी, मंगल आणि विजू, सगळे परत निघालो. गाडीत माझ्या लक्षात आलं, की मी कुठं जाते आहे असं कुणी विचारलं तर माझ्या तोंडून 'घरी' आलं असतं. मला ते नको होतं, आक्का. पण आलं असतं.

गल्लीत उतरलो तेव्हा पोन्नम्मा ओट्यावर होती. तिनं आमच्या मागं, रिकाम्या रिक्षात बघितलं. "अक्का एंगे?" आक्का कुठं?

"अक्का इल्लै," मी म्हटलं.

तिकडच्या भाषेत नाही आणि नाहीशी झाली, दोन्हीला तोच शब्द. पोन्नम्मानं केस मोकळे सोडले आणि छाती बडवून घेतली. घराघरातून बायका आल्या, गोल करून एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून बसल्या आणि गाऊन रडू लागल्या. त्या रडगाण्यात तुमचं सगळं होतं: तुमची फुलं, तुमची भांडणं, हमालाशी घातलेली हुज्जत, तुमचं मोडकं तमिळ. पार उन्हं उतरेपर्यंत त्या रडल्या. गावात तुमच्यासाठी असं कुणी रडलं नाही. भांडणातला तुमचा अर्धा भाग खरा होता, हे मी त्या ओट्यावर बसून कबूल करते. माझाही अर्धा खरा होता, ते तुम्हाला आता मी सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागची कडी वाजली. दादांनी भट्टीची खोली उघडली होती. ते भाजलेल्या उजव्या हातानं मूस पुसत होते, आणि त्यांनी हाक मारली, "मंगल, सांडशी आन जरा." मंगल उठली. सवयीनं, ओढणी तोंडाला बांधत उठली. कधी शिकली ती हे? तुम्ही शिकवलंत?

थोरल्या दिरांपुढं मी कधी तोंड उघडलं नव्हतं. आपल्यात ती रीत नाही. मी मंगलच्या हातातली सांडशी काढून घेतली आणि दारात उभी राहिले.

"दादा, ही भट्टी हितं पेटायची न्हाई."

चिडतील असं वाटलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती भीती होती.

"मग कुटं पेटवू?" ते म्हणाले. "मला दुसरं काय येतं?"

ते बाहेर जाऊन ओट्यावर बसले. मी खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. आमचे हे भट्टीसाठी गावाबाहेर जागा बघतो म्हणतात. मिळेल तेव्हा मिळेल. सोमवारी सोनार मोड घेऊन येणार आहे. मंगल माझ्याशी बोलत नाही. तिच्या आईची खोली मी बंद केली असं तिला वाटतं. दादा येता-जाता त्या कुलपाकडे बघतात.

काय करू, आक्का? तुम्ही असता तर हसून माझ्या कमरेची किल्ली काढून घेतली असती. म्हणून तर तुम्हाला विचारत नाही.